उकंडराव डॉक्टरांची मोठी सुई

वरवट बकालच्या उकंडराव डॉक्टरांकडे जाऊन सुई न घेता परत आलेला माणूस दाखवा, असं त्या भागात लोक पैजेवर म्हणत. पडसं असो, खोकला असो, नाही तर नुसतं अंग मोडून आलेलं असो, माणूस दवाखान्याच्या बाकावर टेकला की त्याची बाही आपोआप वर जायची. डॉक्टरनं जीभ पाहिली, नळी छातीला लावली, तो सगळा मानपान झाला; खरं लग्न सुईशी. गोळ्या दिल्या तर लोक घ्यायचे, लाल मिक्श्चरची बाटली दिली तर तीही न्यायचे, पण सुईवाचून उठायचे नाहीत. पुड्या तर वैदूही देतो, मग डॉक्टर कशाला?

उकंडराव हे नाव कोणी हौसेनं ठेवत नाही. त्यांच्या आधीची दोन भावंडं डबा होऊन गेली होती. तान्ह्या लेकराची छाती भरते, दर श्वासाला फासळ्या आत ओढल्या जातात, लेकरू दूध सोडतं, त्याला तिकडं डबा म्हणतात. डॉक्टरच्या भाषेत न्यूमोनिया. तिसऱ्या खेपेला आईनं जन्मल्या जन्मल्या बाळाला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. म्हणजे यमानं डोकावून पाहावं आणि म्हणावं, हा तर केरकचरा, याला कोण नेतो! यम फसला. जानेफळच्या शेतकऱ्याचं ते पोर शिकलं, नागपूरला जाऊन डॉक्टरी करून आलं, आणि घाट उतरून वरवटला दवाखाना थाटून बसलं. घाटावरचा माणूस घाटाखाली टिकतो का, म्हणून लोक आधी हसले. पण हाताला गुण होता. टिकला.

आणि हे खोटं नाही हं, गुण होता. पेनिसिलिन नवं नवं आलं तेव्हाची गोष्ट. बग्गीतून एक लेकरू आलं, ओठ निळे, डोळे पांढरे. आजीनं तर पदर तोंडात कोंबून रडायला सुरुवातही केली होती. उकंडरावांनी पेनिसिलिनच्या सुया दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते लेकरू आईच्या छातीला लागलं. त्या दिवशी उकंडराव घरी जाऊन जेवले नाहीत. बायकोनं, सरस्वतीबाईनं विचारलं, काय झालं? तर हा बाप्या धाय मोकलून रडायला लागला. हे औषध आपल्या जन्माआधी निघालं असतं तर आपले दोन भाऊ आज शेजारी बसून भाकर खात असते, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, पण तेही धड म्हणता आलं नाही.

माणूस एकदा असा हलला की त्याचं तारतम्य जातं. जे डब्याला चाललं ते खोकल्याला का नको? खोकल्याला दिलं तर पडशाला का नको? न जाणो, आजचं पडसं उद्या छातीत उतरलं तर! पडशाला या औषधाचा काडीचा उपयोग नाही, हे उकंडरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तक त्यांनीही वाचलं होतं. एकदा त्यांनी धीर करून एका बागाईतदाराला सांगूनही पाहिलं, "काही नाही, पडसं हाय. गरम पाण्याची वाफ घ्या, चार दिसात जाईन." बागाईतदार उठला, थेट दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे गेला, सुई टोचून घेतली, आणि पुढच्या बाजारात त्यानं बोभाटा केला की उकंडरावच्या सुया संपल्या. आठवडाभर बाक अर्धा रिकामा. सरस्वतीबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "लोकाईले सुई पाह्यजे न, मंग द्या ना सुई. तुमाले कायचं दुखते?" दुखत काही नव्हतं. द्यायला लागले.

त्यातच ते दुहेरी औषध आलं. एकाच बाटलीत पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन, पाणी घातलं, हलवली की सुई तयार. एकानं मरत नाही तो जंतू दुसऱ्यानं मरतो. कोणता जंतू, कसला जंतू, डोकं चालवायलाच नको. लोकांनी तिचं नाव मोठी सुई ठेवलं, कारण दुखायचीही तशीच. घरी गेल्यावरही माणूस दोन दिवस लंगडायचा आणि अभिमानानं सांगायचा, "मोठी घेतली!" स्ट्रेप्टोमायसिननं कानाची शीर मरते, हे उकंडराव वाचून होते. पण क्षयाच्या रोग्याला ते महिनोन् महिने देतात, तेव्हा; आपण तर दोन-तीन सुया देतो आणि मोकळे होतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दर खेपेला दोन-तीनच. खेपांची बेरीज मात्र त्यांनी कधी केली नाही.

आता पुष्पाबाई. ही जानेफळची, उकंडरावांच्याच आळीतली पोर. सोनाळ्याला रंगरावांच्या घरात दिली. रंगरावांचा मळा होता, वांगी, मिरच्या, अंबाडी, मेथी. सगळं घर पहाटेपासून भाजीत. घाटावरची पोर घाटाखाली आली, इथलं ऊन सोसेना, बोलणं वेगळं, आणि सासू अन्नपूर्णाबाई म्हणजे घरातली पाटीलकीच. नवरा सहदेव गरीब. आई हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही. पुष्पाबाईला वरवटच्या बाजारात पहिल्यांदा उकंडराव दिसले तेव्हा ती डोक्यावरची पाटी खाली ठेवून पाया पडली आणि "काका" म्हणाली. सासरच्या मुलखात माहेरचं एक माणूस असणं काय असतं, ते सासुरवाशिणीलाच विचारा. उकंडरावांना मूल नव्हतं. तेही तिला पोरी म्हणायला लागले.

तिला मुलगा झाला, इंद्रभान. आठ-नऊ महिन्यांचा असताना त्याला डबा झाला, खराखुरा. अन्नपूर्णाबाई गाडी जुंपून घेऊन आली. उकंडरावांनी मोठी सुई दिली, उशाशी बसून राहिले, आणि पोर वाचलं. ती सुई बरोबर होती, लागणारी होती. तिच्यासाठी त्यांना कोणी बोल लावणार नाही, देवसुद्धा. तिथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण अन्नपूर्णाबाईच्या मनात ती सुई बसली. पोराचं नाक वाहिलं, की गाडी वरवटला, पोर पुष्पाबाईच्या खांद्यावर. शिंकला, की वरवटला. "थेच द्या, मोठी. त्या सुईनं माह्या नातवाले यमाच्या दारातून आणलं." उकंडराव नळी लावायचे, छाती साफ असायची. तोंडापर्यंत यायचं, बाई, नुसतं पडसं आहे. पण बाकावर आणखी माणसं बसलेली असायची, त्यांच्यासमोर वाद कोण घालणार? शिवाय आपल्याच पोरीचं पोर, उद्या काही झालं तर? द्यायचे. दोन हिवाळे, मधला पावसाळा, असंच चाललं.

एक दिवस इंद्रभानला असंच आणलं होतं. आता तो अडीच वर्षांचा, गोरा-गोमटा, दवाखान्याच्या फरशीवर बसून रिकाम्या खोक्याशी खेळत होता. उकंडरावांच्या हातून एनॅमलचा ट्रे निसटला. सुया, काचेची पिचकारी, चिमटा, सगळं खळ्ळकन् फरशीवर. बाकावरची म्हातारी "अगं माय!" करून उभी राहिली. बाहेर गाडीचे बैल बुजले. इंद्रभान खोक्यात बोट घालत राहिला.

उकंडराव काचा गोळा करायला म्हणून खाली वाकले आणि तिथंच बसले. मग त्यांनी त्याच्या मागून टाळी वाजवली. मग जोरात. मग त्याच्या कानाजवळ चिमटा ट्रेवर आपटला. अन्नपूर्णाबाई हसली. म्हणाली, "खेयता काय लेकराशी! थो असाच हाय, आपल्याच नादात. बोलत बी नाही अजून. आमचा सहदेवबी उशिरा बोलला होता." त्या दिवशी त्यांनी सुई दिली, पण आत औषध नव्हतं, नुसतं पाणी होतं.

घरी येऊन सरस्वतीबाईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले काय माहीत, सुईनंच झालं म्हणून? तापानं बी होते."

"तापानं होते. पण मले माहीत हाय."

"माहीत हाय त पोटात ठेवा. उद्या अख्खी वरवट म्हणन का डाक्तरनं पोट्टं बहिरं केलं. आपन कुठं जाव?"

पोटात ठेवलं. दुहेरी बाटल्या त्यांनी दुसऱ्याच दिवशी पायाखाली घालून फोडल्या आणि खड्ड्यात पुरल्या. पण सुई कुठं सुटते? लोकांना सुई पाहिजे होती. मग उकंडरावांनी ताकदीच्या पिवळ्या सुया आणल्या, जीवनसत्त्वाच्या. पडशाला त्या द्यायला लागले. टोचल्याचं समाधान लोकांना, इजा कोणाला नाही. आणि याला हा शहाणा माणूस मनातल्या मनात प्रायश्चित्त म्हणत होता! म्हणे प्रायश्चित्त! सोनाळ्याच्या वाटेवर बैलगाडी दिसली की ते आत जाऊन सुया उकळायचा स्टोव्ह पेटवत बसायचे.

खरं संकट पुढंच होतं. इंद्रभान तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा घरादाराला कळलं की पोरगं ऐकतच नाही. आता दोष कोणाला द्यायचा? आठ ग्रह एका राशीत आले त्या अष्टग्रहीच्या दुसऱ्या वर्षी आषाढात चंद्रग्रहण लागलं होतं, पहाटेचं. पुष्पाबाई तेव्हा पोटुशी. ग्रहणात गर्भार बाईनं विळी-कोयत्याला हात लावायचा नसतो, काही कापायचं नसतं, गुंडाळून पडून राहायचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक. आणि तिनं त्या पहाटे विळ्यानं अंबाडी कापली होती, बाजाराला भाजी जायची होती म्हणून. उठवलं कोणी होतं? अन्नपूर्णाबाईनंच. पण ते कोण आठवतो? आठवला तो विळा. "हिनं ग्रहणात कापलं, नातवाचे कान कापले," असं एकदा अन्नपूर्णाबाईच्या तोंडून निघालं आणि सोनाळ्यात पसरलं. मग बायका तिला हळदीकुंकवाला टाळायला लागल्या. मग अन्नपूर्णाबाई म्हणाली, हिच्या पोटी आणखी असंच निपजलं तर? आणि एक दिवस पुष्पाबाईला जानेफळला पोचवून दिलं. एकटीला. नातू ठेवून घेतला. सहदेवासाठी दुसरी मुलगी पाहायची बोलणी सुरू झाली.

त्या पोराला कोणी कसं सांगावं, आई कुठं गेली ते? त्याला शब्दच ठाऊक नव्हते. तो दिवसभर वेशीकडं तोंड करून बसायचा, असं कोणीतरी दवाखान्यात बोललं. उकंडरावांच्या हातातली नळी तशीच राहिली.

महिना-दीड महिन्यानं पुष्पाबाईचा बाप तिला घेऊन सोनाळ्याला आला. भाऊबंद जमले, वामनराव पाटलांना मध्यस्थ घातलं, आणि माहेरच्या गावचा वजनदार माणूस म्हणून उकंडरावांना बोलावणं आलं. सरस्वतीबाई दारापर्यंत आली. "सांभाळून बोला," एवढंच म्हणाली. वाटेत उकंडरावांनी मनाशी ठरवलं की फक्त एवढं सांगायचं, ग्रहणानं काही होत नसतं. डॉक्टरचा शब्द आहे, मानतील. बस्स. त्याच्या पुढं जायची गरज पडणार नाही. माणूस पळवाट किती बारकाईनं आखतो पाहा.

रंगरावांच्या ओसरीवर दुपारी सगळे बसले. पुष्पाबाई आतल्या दारामागं उभी होती, पदराचा काठ तेवढा दिसत होता. इंद्रभान आईला बिलगला होता. तिच्या लुगड्याची मूठ त्यानं सोडली नव्हती.

"ग्रहणानं कोणाचे कान जात नाहीत, वामनराव," उकंडराव म्हणाले. "हे मी डाक्तर म्हणून सांगतो."

वामनराव पाटलांनी मान हलवली. पण अन्नपूर्णाबाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती उंबऱ्यात येऊन बसली. "ठीक हाय. मंग कायनं गेले? आमच्या घरात कोणी बहिरं नाही. जानेफळवाल्याईत बी कोणी नाही. तुमी डाक्तर हा ना, मंग तुमीच सांगा कायनं गेले."

सगळे त्यांच्याकडं पाहायला लागले. तापानं गेले, असं म्हणता आलं असतं. अर्धं खरंही झालं असतं. उकंडरावांनी दाराकडं पाहिलं. लुगड्याच्या काठाला धरलेली ती लहानशी मूठ दिसली, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माह्या सुईनं."

"काय म्हनलं?"

"माह्या सुईनं गेले. थ्या मोठ्या सुईतलं औषध कानाची शीर मारते. डब्याच्या वेळेस ते द्याच लागत होतं. पुढं पडशा-खोकल्याले नव्हतं लागत. तुमी मांगत गेल्या, मी देत गेलो. या पोरीचा काही दोष नाही. दोष माहा हाय."

पाहा, इथंही सुटलं नाही त्यांना! 'तुमी मांगत गेल्या.' कबुलीतसुद्धा चिमूटभर दुसऱ्याच्या पदरात टाकल्याशिवाय राहवलं नाही. पण सांगितलं. आता शिव्या येतील, कोणी गचांडी धरील, रंगराव काठी उचलतील; ते सगळ्याला तयार होऊन बसले होते.

वामनराव पाटील हळूच हसले. "डाक्तर," म्हणाले, "तुमी जानेफळचे. पोरगी जानेफळची. समजते आमाले."

"तसं नाही वामनराव, मी खरं—"

"राहू द्या. कोणत्या गावात कोणता डाक्तर भरल्या ओसरीवर असं बोलते? गावच्या पोरीचा संसार मोडू नये म्हणून माणसानं एवढं अंगावर घेतलं, यातच सगळं आलं."

आणि अन्नपूर्णाबाई! तिनं पदरानं डोळे पुसले. "ज्यानं माह्या इंद्रभानले जीवदान देलं, थोच म्हन्ते माह्यामुळं बहिरं झालं. काय देवमानूस हाय बाप्पा!" रंगरावांनीही सुस्कारा सोडला. म्हणाले, डॉक्टरनं एवढी मान तुकवली, आता आपण ताणणं शोभत नाही. ग्रहणाचं जे व्हायचं ते होऊन गेलं, शांत करून घेऊ, सून घरात राहील. दुसऱ्या लग्नाचा विषय बंद. आतून चहा आला.

आणि उकंडरावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. हेच ते, जे पुढं त्यांना खात राहिलं. पोरीचा संसार वाचला म्हणून उतरला असता तर गोष्ट वेगळी. तो उतरला, कारण कोणी मानलं नाही. सांगितलंही आणि नुकसानही नाही! पुन्हा एकदा ठासून सांगायला तोंड होतं, वेळ होता, माणसं समोर बसली होती. त्यांनी बशीत चहा ओतला आणि प्याले. दाराकडं मात्र परत पाहिलं नाही.

त्यानंतर तर बाक पुरेना. सोनाळ्याची हकिकत बाजारात गेली, बाजारातून गावोगाव. परक्याच्या पोरीसाठी स्वतःवर बट्टा घेणारा देवमाणूस! घाटावरून लोक यायला लागले. पाया पडायचे. कोणी पाया पडलं की उकंडराव पाय मागं ओढून घ्यायचे, तर लोक म्हणायचे, बघा, गर्व कसा नाही. सरस्वतीबाईला वाटलं, आता निभावलं. पण हा माणूस जेवता जेवता घास हातात धरून बसायचा. रात्री कूस बदलत राहायचा. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. आणि पिवळी सुई चालूच होती.

मधे काळ गेला. पुष्पाबाईला मुलगी झाली. हिवाळ्यात, पोरगी पाच-सहा महिन्यांची असताना, सोनाळ्याची गाडी दवाखान्यासमोर उभी राहिली. उकंडरावांना स्टोव्हकडं पळायला वेळ मिळाला नाही. अन्नपूर्णाबाईचे गुडघे धरले होते, ती गाडीतच बसून राहिली. पुष्पाबाई एकटी पोरीला घेऊन आत आली. त्या ओसरीनंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर.

नाक वाहत होतं. उकंडरावांनी नळी लावली, पुष्कळ वेळ लावून ठेवली, म्हणजे बोलायला नको. "पडसं हाय," शेवटी म्हणाले. "छाती साफ हाय. दूध पिते न?"

"पिते."

"मंग काही नाही. एक साधी सुई देतो, ताकदीची. तिनं काही होत नाही. तुह्या सासूचं समाधान होईन."

"समाधान कोनाचं, काका?"

त्यांनी पिचकारीकडं नेलेला हात मागं घेतला.

पुष्पाबाईनं पोरीला खांद्यावर टाकलं. आवाज चढवला नाही. "त्या दिवशी तुमी खरं सांगतलं. मी दारामांगं होती. बाकीच्याईनं नाही मानलं, मले तवाच समजलं."

"कसं समजलं, पोरी?"

"इंद्रभानले मी असंच खांद्यावर टाके. त्याचं तोंड माह्या पाठीकडं. तुमी त्याले दिसतच नव्हते. पन तुमी नुसतं 'काय हो इंद्रभानराव' म्हनलं, का सुई लागायच्या आधीच थो रडाले लागे. तुमचा आवाज वळखे थो. पुढं पुढं थो टोचल्यावरच रडे. मले वाटलं, पोट्टं धीट झालं. मी मळ्यात सगळ्या बायाईले सांगत होती, माहा इंद्रभान आता डाक्तरले भेत नाही."

उकंडरावांनी टेबलाची कड धरली. एवढ्या दिवसांत त्यांनी स्वतःला काय काय म्हणून घेतलं होतं, मनात काय काय शिव्या दिल्या होत्या. पण हे त्यांच्या कल्पनेतसुद्धा आलं नव्हतं. त्या पोराला ऐकू येणारा शेवटचा आवाज बहुधा आपलाच, आणि तोही भीतीचा.

"पोरी, मी—"

"तुमी एकदाच काऊन सांगतलं, काका?" ती म्हणाली. "लोकाईनं नाही मानलं, त दुसऱ्यांदा काऊन नाही सांगतलं? घरात घेतलं मले, पन ग्रहणाची शांत माह्याच नावानं झाली. अजून माह्या हातची भाजी कोणी ओटीत घेत नाही. तुमाले देवमानूस म्हन्तात अन् मले ग्रहणवाली."

याला उत्तर काय असतं? चहा पीत होतो, असं सांगायचं? बरं वाटलं होतं, असं? तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग असलाच तर दिसत नव्हता. नुसतं विचारत होती. माहेरच्या माणसाला विचारावं तसं. मग तिनं पोरीला पदरात घट्ट गुंडाळलं.

"हिले सुई नोको," म्हणाली, "घरी ओव्याची पुरचुंडी शेकीन." आणि दाराबाहेर गेली.

बाहेर गाडीतून अन्नपूर्णाबाईनं विचारलं, "टोचली का व सुई?"

"टोचली, आत्याबाई."

"कोनी देली? डाक्तरनं सोता?"

"हाव. सोता देली."

"देवमानूस हाय," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

उकंडरावांनी आतून शब्दन् शब्द ऐकला. गाडीवान बैल जुंपत होता. ओट्यावर पाच-सहा माणसं बसली होती, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या अंतरावर दार होतं, आणि तिथं जाऊन 'नाही टोचली' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पुढचं त्यातून आपोआप निघालं असतं. ते टेबलाची कड धरून उभे राहिले. गाडी हलली, चाकांचा आवाज वळणापर्यंत येत राहिला, आणि मग त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.